छायाचित्रांचे ओझे
(नांदुरा येथील शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला जो विषय देण्यात आला आहे, तो वरवर पाहता क्षुल्लक वाटण्यासारखा आहे. संगणकातील एका प्रोग्रॅममधून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये छायाचित्र नेताना फाइल का फुगते, आणि ती फुगू नये म्हणून काय करावे, एवढाच हा विषय. वाचन, गणित, पटनोंदणी, गळती असे मोठे प्रश्न समोर उभे असताना या गोष्टीसाठी परिषदेचा वेळ खर्च करावा काय, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझ्याही मनात ते आले होते. परंतु आजच्या शिक्षकाचा किती वेळ छायाचित्रे काढण्यात, जोडण्यात आणि पाठविण्यात जातो, हे आपण सर्वजण अनुभवाने जाणतो. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे अभियान झाले, तेव्हा या कामाचा व्याप किती वाढला याची आपणांस आठवण असेलच. फाइल ‘जात नाही’ म्हणून जो वेळ वाया जातो, तो शेवटी वर्गातल्या मुलांच्या वेळेतूनच वजा होतो. म्हणून या विषयाचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम मी माझी स्वतःची एक चूक सांगतो. दुसऱ्याच्या चुकीपासून शिकणे स्वस्त पडते, आणि माझी चूक मला महाग पडली आहे.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेचा वार्षिक अहवाल तयार करीत होतो. त्यात चौदा छायाचित्रे घालावयाची होती. ती सर्व मिळून सुमारे चाळीस एमबी होती. मी प्रत्येक छायाचित्र पडद्यावर उघडले, ‘कॉपी’ केले, वर्डच्या पानावर येऊन ‘पेस्ट’ केले, आणि कोपरा धरून ते आगपेटीएवढे लहान केले. चित्र दिसायला लहान झाले म्हणजे फाइलही लहान झाली असेल, अशी माझी समजूत. काम संपल्यावर पाहतो तो अहवाल नव्वद एमबीचा झालेला! ई-मेल तो घेईना. रात्रीचे अकरा वाजले होते आणि सकाळी अहवाल पोहोचणे आवश्यक होते. मग मी सर्व छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून माझ्याच दुसऱ्या मोबाइलवर पाठविली. तेथे ती आपोआप लहान झाली. तीच अहवालात घातली आणि अहवाल गेला. येथवर ठीक होते. परंतु नंतर संगणकावर जागा हवी म्हणून मी मूळ छायाचित्रे पुसून टाकली. ‘तीच चित्रे मोबाइलवर आहेत ना,’ असा मी विचार केला.

त्या चौदांपैकी एक छायाचित्र आमच्या शाळेच्या कवेलूंच्या जुन्या इमारतीचे होते. सारी मुले, शिक्षक आणि मुलांसाठी खिचडी शिजविणाऱ्या बाई त्या इमारतीसमोर उभ्या होत्या. पुढे ती इमारत निर्लेखित होऊन पाडली गेली. नवी इमारत झाली, तेव्हा ग्रामस्थांनी इच्छा व्यक्त केली की, जुन्या शाळेचे ते चित्र तीन फूट रुंद छापून प्रवेशद्वाराशी लावावे. मी जवळ होती ती प्रत छपाईच्या दुकानात दिली. चित्र छापून आले. कवेलू ओळखू येत होते. माणसे ओळखू येत नव्हती. त्या खिचडी शिजविणाऱ्या बाई तोपर्यंत वारल्या होत्या. त्यांचा नातू आमच्याच शाळेत तिसरीत होता. तो चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मला म्हणाला, “गुरुजी, यात माझी आजी कोणती?” मी बोट दाखविले; पण त्या ठिकाणी चेहरा नव्हता, एक पुसट डाग होता.

बंधु-भगिनींनो, त्या दिवशी मी ठरविले की, हे प्रकरण नीट समजून घ्यावयाचे. जे समजले ते आपणांसमोर ठेवतो.

संगणकातील छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी होय. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. मोबाइलचे एक साधारण छायाचित्र ४,००० ठिपके रुंद आणि ३,००० ठिपके उंच असते. म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवावयास तीन बाइट लागतात. तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक. गुणाकार केल्यास ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे सुमारे ३६ एमबी होतात. परंतु तेच छायाचित्र मोबाइलमध्ये पाहावे तर तीन-चार एमबीचेच आढळते. मग उरलेले गेले कोठे?

याचे उत्तर आपल्या वऱ्हाडच्या माणसास समजावून सांगणे सोपे आहे. आपल्याकडे कापूस जिनात जातो, सरकी वेगळी निघते, आणि मोकळी रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. आपल्या देशात ही गाठ १७० किलोची धरतात. मोकळी रुई ज्या जागेत मावणार नाही, त्या जागेत कितीतरी गाठी मावतात. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाची शाखा उघडली गेली, ती मुख्यतः कापसासाठी. अशा वाहतुकीत गाठीचे महत्त्व काय, हे वेगळे सांगावयास नको. मोबाइलदेखील छायाचित्र काढताक्षणी त्याची अशीच गाठ बांधतो. या गाठीचे सर्वांत प्रचलित रूप म्हणजे ‘जेपीईजी’. ही पद्धत १९९२ साली जागतिक प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्या मुळाशी जे गणित आहे, ते १९७४ साली प्रसिद्ध झाले. ते मांडणाऱ्या तिघांपैकी प्रमुख नासिर अहमद हे मूळचे बेंगळूरुचे, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात, आणि डोळ्यास सहसा जाणवत नाहीत असे बारीक फरक सोडून देतात. येथे मात्र रुईची उपमा संपते, हे ध्यानात ठेवावे. रुईची गाठ सोडली तर तीच रुई परत मिळते. जेपीईजीची गाठ बांधताना जे सोडून दिले ते पुन्हा मिळत नाही. म्हणून एकच छायाचित्र वारंवार उघडून, फेरफार करून, पुन्हा पुन्हा जतन केले, तर ते दर वेळी थोडे थोडे झिजते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपण छायाचित्र पडद्यावर उघडतो, तेव्हा संगणक ती गाठ सोडतो आणि सर्व ठिपके मोकळे पसरतो. त्यावाचून ते दिसणारच नाही. मग आपण ‘कॉपी’ म्हणतो, तेव्हा नक्कल होते ती बहुधा या मोकळ्या रुईची. ती क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या कोठीत जाऊन पडते. ‘पेस्ट’ म्हटले की दुसरा प्रोग्रॅम ती उचलतो. परंतु मूळची गाठ कशी व केवढी होती, हे त्यास ठाऊक नसते. तो आपल्या रीतीने नवी गाठ बांधतो. अनेकदा ही नवी गाठ ‘पीएनजी’ प्रकारची असते. पीएनजी काहीही सोडून देत नाही. नकाशा, आलेख, अक्षरांचा तक्ता यांसाठी हा प्रकार उत्तम. रेषा स्वच्छ राहतात आणि फाइलही लहान होते. पण झाडेझुडपे, चेहरे, कपडे असलेल्या छायाचित्रासाठी तोच प्रकार जेपीईजीच्या कितीतरी पट जागा घेतो. माझा चाळीस एमबीचा ऐवज नव्वद एमबी झाला, तो याच कारणाने. मी चौदा गाठी फोडल्या आणि रुई सैल बांधून गाडीत भरली.

याउलट वर्डमध्ये ‘इन्सर्ट’ या सदरातील ‘पिक्चर्स’ निवडून छायाचित्राची फाइल आत घेतली, तर गाठ न सोडता बहुधा जशीच्या तशी आत जाते. फोल्डरमधून फाइलच उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली, तरी तिचे वजन बदलत नाही. एका वर्ड-फाइलमधून दुसऱ्या वर्ड-फाइलमध्ये नक्कल केली, तरीही बहुधा मूळ गाठ टिकते. अडचण आहे ती दोन निरनिराळ्या प्रोग्रॅमांमधल्या वाटेवर. पेस्ट करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर ‘पेस्ट स्पेशल’ उघडून त्यात जेपीईजी हा पर्याय दिसल्यास तो निवडावा.

आता दुसरा भ्रम पाहू. कोपरा धरून चित्र लहान केले म्हणजे फाइल लहान होतेच असे नाही. आपण केवळ खिडकी लहान केली. खिडकीपलीकडचे शेत तेवढेच राहिले. प्रत्यय पाहावयाचा असेल, तर वर्डच्या फाइलची एक प्रत करून तिच्या नावाच्या शेवटी असलेली ‘डॉक्स’ ही अक्षरे बदलून ‘झिप’ करावी आणि ती उघडावी. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर व त्यात ‘मीडिया’ नावाचा फोल्डर दिसेल. आपण आगपेटीएवढी केलेली चित्रे बहुधा तेथे आपापल्या खऱ्या वजनानिशी बसलेली आढळतील. वजन कोठे साचले आहे, हे शोधण्याचा याहून चांगला उपाय नाही.

तिसरा भ्रम अधिक गंभीर आहे. वर्डमध्ये आपण चित्राची कड ‘क्रॉप’ करतो, म्हणजे कापतो, तेव्हा कापलेला भाग नाहीसा होत नाही. तो फक्त झाकला जातो. फाइल ज्याच्या हाती पडेल, तो कड पुन्हा ओढून सर्व भाग पाहू शकतो. समजा, आपण एखाद्या मुलाच्या कागदपत्राचे छायाचित्र घेतले, आधार क्रमांकाचा भाग कापला, आणि ती फाइल समूहावर टाकली. क्रमांक आपणांस दिसत नाही, पण तो फाइलबरोबर गेलेला आहे. यासाठी चित्र निवडून ‘कम्प्रेस पिक्चर्स’ ही आज्ञा द्यावी आणि ‘कापलेला भाग काढून टाका’ या अर्थाच्या चौकटीवर खूण करावी. त्याहून उत्तम म्हणजे कापाकापी वर्डबाहेर, छायाचित्राच्या प्रोग्रॅममध्ये करून, तयार झालेली नवी प्रतच आत घ्यावी. मुलांची माहिती ही पालकांनी विश्वासाने आपल्या हाती दिलेली ठेव आहे.

मग योग्य रीत कोणती? ती अशी की, चित्र कोणत्या कामासाठी हवे हे आधी ठरवावे, आणि त्या मापाची प्रत करून मगच ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यावी. ए-४ कागदावर सहा इंच रुंद चित्र छापावयाचे असेल, तर इंचाला २०० ठिपके धरून १,२०० ठिपक्यांची रुंदी पुरते. पडद्यावर किंवा प्रक्षेपकावर दाखवावयाचे असेल, तर १,९२० ठिपक्यांहून अधिक रुंदीचा बहुधा उपयोग होत नाही. संगणकातील ‘पेंट’ या साध्या प्रोग्रॅममध्ये ‘रीसाइझ’ निवडावे, ‘पिक्सेल्स’वर खूण करावी, रुंदी लिहावी, आणि ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नव्या नावाने जेपीईजी म्हणून ठेवावे. लांबी-रुंदीचे प्रमाण राखण्याची खूण काढू नये. नाहीतर माणसे एकतर ताणली जातात, नाहीतर चेपली जातात. नवे नाव देण्यास विसरू नये. त्याच नावाने जतन केल्यास मूळ चित्र गेलेच म्हणून समजावे.

या रीतीने केलेले एकेक चित्र तीनचारशे केबीच्या आसपास बसते. चौदा चित्रांचा अहवाल पाच-सहा एमबीत होतो आणि छापल्यावर पूर्वीइतकाच सुरेख दिसतो. जीमेल एका पत्राबरोबर २५ एमबीपर्यंतच जोडपत्रे घेते. त्यातही पाठविताना जोडपत्राचे वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढते. म्हणून अठरा एमबी हीच आपली मर्यादा मानलेली बरी.

व्हॉट्सअ‍ॅपविषयी दोन शब्द. नेहमीच्या रीतीने पाठविलेले छायाचित्र तेथे साधारण १,६०० ठिपक्यांच्या लांबीवर आणले जाते. अहवालासाठी ते पुरते. तीन फूट म्हणजे ३६ इंच रुंद छपाईस मात्र त्यातून इंचाला जेमतेम ४४ ठिपके मिळतात; मूळ ४,००० ठिपके असते तर १११ मिळाले असते. आमच्या शाळेच्या चित्रात चेहरा आणि डाग यांत जो फरक पडला, तो हा. शिवाय छायाचित्र केव्हा काढले याची आत दडलेली नोंदही या प्रवासात गळून पडते. म्हणून मूळ चित्र दुसऱ्याकडे जसेच्या तसे पोहोचवावयाचे असेल, तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. मग त्यात काहीही बदल होत नाही.

आतापर्यंत फाइल मोठी होण्याविषयी बोललो. पण फाइल वेडीवाकडी लहान करण्यातही धोका आहे, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना भोवतो. आपल्या पाचवीतील कितीतरी मुले शेगावच्या जवाहर नवोदय विद्यालयासाठी अर्ज भरतात. त्या अर्जासाठी छायाचित्राची व स्वाक्षऱ्यांची फाइल १० ते १०० केबी असावी, अशी सूचना अलीकडच्या वर्षांत देण्यात आलेली आहे. दरवर्षीचे सूचनापत्रक वाचून माप निश्चित करावे, हे उघडच आहे. आपण घाईत काय करतो? भिंतीपुढे मुलास उभे करून डोक्यापासून पायापर्यंत छायाचित्र काढतो आणि ते सगळेच दाबून शंभर केबीत बसवितो. त्या शंभर केबीतील बराच वाटा भिंतीस आणि गणवेशास जातो. चेहऱ्याच्या वाट्यास थोडेच ठिपके उरतात. फाइल स्वीकारली जाते, पण चेहरा पटत नाही.

योग्य क्रम असा: आधी चेहरा व खांदे एवढाच भाग कापून घ्यावा, मग माप कमी करावे. पासपोर्टच्या छायाचित्राचे साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर हे माप इंचाला ३०० ठिपके धरून ४१३ बाय ५३१ ठिपके होते. एवढ्या मापाची जेपीईजी फाइल बहुधा शंभर केबीच्या आतच बसते, आणि चेहरा स्पष्ट राहतो. आधी कापा, मग लहान करा. हा क्रम उलटू देऊ नये. ज्या घरात संगणक नाही, त्या घरच्या मुलाचा अर्ज आपल्याच हातून भरला जातो. तेथे आपला आळस त्या मुलास भोगावा लागू नये.

हा विषय कचेरीच्या कामापुरताच ठेवण्याचेही कारण नाही. चौथी-पाचवीच्या वर्गात तो गणिताचा सुंदर पाठ होऊ शकतो. आलेखाच्या कागदावर सोळा बाय सोळा चौकटींत मुलांना एखादे साधे चित्र रंगवावयास सांगावे. समजा, आपल्या नांदुऱ्याच्या १०५ फूट उंच हनुमानमूर्तीचे. मग तेच चित्र आठ बाय आठ चौकटींत काढावयास सांगावे. बाजू निम्मी केली, पण चौकटी निम्म्या न होता २५६ वरून ६४ वर, म्हणजे चौथाईवर आल्या, हे मुले स्वतः मोजून सांगतील. क्षेत्रफळाचा नियम त्यांस पाठ करावा लागणार नाही. आणि आठ बाय आठच्या चित्रात मूर्तीची गदा कोठे गेली, असे कोणी विचारील, तेव्हा लहान करण्यात काय गमावते हेही त्यांस कळेल. पुन्हा, १०५ फुटांच्या मूर्तीचे छायाचित्र आणि खडूच्या तुकड्याचे छायाचित्र, दोन्हींत ठिपके सारखेच असतात; हे ऐकून मुलांस जी गंमत वाटते, ती मी वर्गात पाहिली आहे.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आज एवढे सारे सांगितले, त्यातील आज्ञांची नावे कदाचित आपण विसराल. संगणक बदलतील, प्रोग्रॅमही बदलतील. परंतु एक नियम बदलणार नाही: काम प्रतीवर करावे, मूळ जपून ठेवावे. प्रत्येक शाळेत ‘मूळ छायाचित्रे’ नावाचा एक फोल्डर असावा. त्यात वर्षवार उपफोल्डर करावेत. त्या फोल्डरातील चित्र कधी उघडून बदलू नये. लागेल तेव्हा प्रत काढावी. वर्षाच्या अखेरीस त्या फोल्डरची एक नक्कल पेनड्राइव्हवर आणि दुसरी एखाद्या हार्ड डिस्कवर करावी, आणि त्या दोन्ही एकाच कपाटात ठेवू नयेत. मुख्याध्यापकांची बदली झाली, तर कार्यभार सोपविताना दाखलखारीज रजिस्टराबरोबर हा संग्रहही सोपवावा. वर्षाची दोनशे छायाचित्रे धरली, तरी ती एक जीबीच्याही आत बसतात. जागा नाही ही सबब येथे चालणार नाही.

आपल्या खेड्यांत घरोघरी जुनी छायाचित्रे नसतात. अनेक मुलांचे बालपणातील चांगले चित्र म्हणजे शाळेत काढलेलेच. उद्या ही मुले मोठी होतील आणि आपल्या मुलांस घेऊन शाळेत येतील. तेव्हा ‘यात मी कोणता?’ या प्रश्नास शाळेजवळ उत्तर असावे, त्या जागी पुसट डाग नसावा. माझ्या शाळेतील त्या मुलास मी त्याच्या आजीचा चेहरा दाखवू शकलो नाही. तशी वेळ आपणांपैकी कोणावर येऊ नये, एवढ्यासाठीच मी आपला वेळ घेतला.